तेहतीस इंच

४ डिसेंबर १९८४, मंगळवार

आज कामाची वाटणी झाली आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

उमेळ्याला आत्मारामच्या वाडीत केळी ठेवायची शेड आहे. तिथं आम्ही चौघं कॉलेजची शर्यतीची गाडी बांधतोय. भंगारातून आणलेलं टॅक्सीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, पायपांचा सांगाडा अर्धा जोडून झालाय, आणि दहा फेब्रुवारीला विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर कॉलेजांची शर्यत आहे. आत्मारामने खडूने फळीवर लिहिलं. इंजिन, आत्माराम. सांगाडा, हिरामण. ब्रेक, स्टेअरिंग आणि गाडी चालवणं, आलोशियस. मग माझ्याकडे बघून जरा थांबला आणि म्हणाला, "आग्नेस, तू सायलेन्सर बघ. तिथं बिघडण्यासारखं काही नसतं."

तिथं बिघडण्यासारखं काही नसतं! अडीच वर्षं या वर्गात मी एकटी मुलगी. लेथवर यांच्याइतकेच हात काळे केले. पेंढारकर सरांनी मागच्या सत्रात इंजिनाच्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क मला दिले होते, आत्मारामला नाही. पण इंजिन त्याचं, कारण शेड त्याच्या वडिलांची. मी बरं म्हटलं. का म्हटलं? आता लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

९ डिसेंबर, रविवार

वाचनालयातून पुस्तक आणलं होतं, ते तीन दिवस सोडलं नाही. या गाढवांना माहीतच नाही की त्यांनी मला काय देऊन टाकलंय.

सिलिंडरची झडप उघडली की जळलेला वायू धुराड्याच्या नळीत धडक मारतो. त्या धडकेची लाट नळीच्या मोकळ्या तोंडापर्यंत पळते आणि तिथून उलटून परत येते. गंमत अशी की परत येताना ती ढकलत नाही, ओढते. ती पोचेपर्यंत झडप उघडी असेल तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ती बाहेर खेचते आणि त्याच्या मागोमाग पेट्रोलचं ताजं मिश्रण आत शिरतं. म्हणजे तेच इंजिन, तेच पेट्रोल, आणि ताकद जास्त. पण लाट उशिरा आली तर दार बंद झालेलं, लवकर आली तरी फुकट. झोपाळ्याला धक्का द्यायची वेळ जशी साधावी लागते, तसं हे. सगळं नळीच्या लांबीवर आहे. लांब नळी कमी वेगावर जोर देते, आखूड नळी जास्त वेगावर.

आमचं इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर जोरात ओढावं असं धरलं, तर नळी येते तेहतीस इंच. चार सिलिंडरना चार नळ्या, चारही सारख्या, पुढे एकत्र. तीन वेळा गणित केलं, तीनदा तेहतीसच आलं.

१२ डिसेंबर, बुधवार

आत्मारामला गणित दाखवलं. त्याने वही उलटी धरून बघितली की काय कोण जाणे. म्हणाला, "एवढं कशाला? नऊ इंचांचे चार तुकडे लावू, मोकळे. जेवढं मोकळं तेवढं जोरदार. आवाज पण काय येईल!" आलोशियसला आवाजाचं ऐकून आनंद झाला. हिरामण नेहमीप्रमाणे गप्प.

मी पेंढारकर सरांकडे गेले. सर म्हणाले, भांडू नका, मोजा. सव्वीस जानेवारीला मिठागराच्या बांधावर चारशे मीटर गाडी पळवायची, एकदा त्याच्या तुकड्यांवर आणि एकदा माझ्या नळ्यांवर. घड्याळ ज्याला कमी वेळ दाखवेल ते धुराडं शर्यतीला जाईल. मला हेच हवं होतं. आता माझ्या नळ्या गाडीवर गेल्या नाहीत तर मी वर्षभर यांना चहा देणारी मुलगी म्हणून राहीन, हे मला पक्कं ठाऊक आहे.

१६ डिसेंबर, रविवार

नळ्या वाकवायच्या तर आमच्या पाचूबंदरात एकच माणूस, माझा बा. बावीस वर्षं ऑगस्टीन तांडेलाच्या होडीवर इंजिन सांभाळतो आणि किनाऱ्यावर असला की सगळ्यांच्या होड्यांची धुराडी वाकवून देतो. वाळू तव्यावर भाजून कोरडी करायची, नळीत ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, नळी लाल करायची आणि मग वाकवायची. वाळूमुळे नळी चेपत नाही. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडते. लहानपणी मला तव्याजवळसुद्धा येऊ देत नसे.

आज तो अंगणात इंजिनाचा पंप खोलून बसला होता. दारातून दोन हाका मारल्या. मान वर केली नाही. जवळ गेले तेव्हा दचकला. मी सगळं सांगितलं : तेहतीस इंच, चारही सारख्या, सरळ मागे जाऊन बाजूला वळतील. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, "व्हय, व्हय" करत होता. आई मधेच म्हणाली, "तो करील गो, तू जा." मला बोलूच देत नाही. मी परत सांगितलं. परत व्हय. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो उठून पंप घेऊन मागच्या दारी गेला.

हल्ली त्याचं असंच चाललंय. विचारलेल्याचं उत्तर धड नाही. पूर्वी अंथरुणात पडल्यापडल्या सांगायचा, ही सोनूची होडी, ही आपली, हिचा दुसरा सिलिंडर मार खातोय. आता आईला विचारतो, कोणाची आली. जणू काही त्याला कशात रसच उरला नाही. इंजिन तपासताना एक लाकडी दांडा इंजिनाला टेकवतो आणि दुसरं टोक दातात धरून बसतो. लोक बघतात. मला लाज वाटते.

२३ डिसेंबर, रविवार



बाने नळ्या करून ठेवल्या. वाकवण इतकी सुंदर की कुठं सुरकुती नाही. आणि चारही नळ्या इंजिनापासून आधी वर चढतात, फूटभर, मग वळसा घेऊन खाली येतात. होडीचं धुराडं! लांबी मोजली, सेहेचाळीस इंच.

मी शेडमध्ये नेल्याच नाहीत, पण हिरामण आमच्याच पाचूबंदरचा, त्याने ओट्यावर बघितल्या. आत्मारामला सांगितलंच असणार. उद्या सगळे हसतील.

मी बाला विचारलं, हे काय केलंस? तो खुशीत होता. म्हणाला, "नळीला मान ठेवली बाय. पानी मागून येतं. मान नाय ठेवली तर लाट नळीतून सरळ इंजिनात जाते. आनी मग भर दर्यात बसा." गाडीच्या इंजिनात कुठून समुद्र येणार? मी ओरडले. मी म्हणाले, तीन वेळा सांगितलं तुला तेहतीस, तीन वेळा! मुलगी सांगते म्हणून कानाआड केलंस. मी मुलगा असते तर वही घेऊन लिहून घेतलं असतंस. तुला मी काही व्हावं असं वाटतच नाही. मी मच्छीची पाटी घेऊन आईबरोबर बाजारात बसले म्हणजे तुझं समाधान होईल.

असं सगळं बोलले. त्याच्या तोंडावर. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला आणि म्हणाला, "व्हय. जेवून घेतो मी."

जेवून घेतो! याच्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आईने मला हाताला धरून आत ओढलं.

२५ डिसेंबर, नाताळ

बाशी बोलत नाही. मिस्साला तिघंही एकाच बाकावर होतो. तो आपणहून बोललाही नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "त्याला कागदावर काडून दे. जेवढं हाय तेवढं मोठं काड. मग बघ."

म्हणजे माझ्या बापाशी बोलायला मी आता अर्ज करायचा. मी म्हटलं, माझं तोंड काय कमी पडलं? आई म्हणाली, "तुझं तोंड नाय कमी पडत," आणि रडायला लागली. सणाच्या दिवशी रडायचं कारण मला कळलं नाही. माझ्यामुळे असेल तर असो, मला पण रडू येतंय.

३० डिसेंबर, रविवार

वाण्याकडून खाकी कागदाचे पाच ताव आणले, खळीने जोडले आणि जमिनीवर पसरून चारही नळ्या पूर्ण मापाच्या काढल्या. रागाने काढल्या. प्रत्येक वळणाचा अंश लिहिला. कडेला मोठ्ठ्या आकड्यांत ३३ लिहिलं आणि त्याच्याभोवती तीनदा गोल केला. वर चढणाऱ्या नळीचं चित्र काढून त्यावर फुली मारली. बासमोर टाकलं आणि निघून आले.

६ जानेवारी १९८५, रविवार

चारही नळ्या तयार. कागदावर ठेवून बघितल्या. रेषेच्या बाहेर दोराएवढंसुद्धा काही नाही. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याच्याखाली राग तसाच आहे. कागदाचा मान ठेवतो, माझा नाही. साहेबांकडून आल्यासारखं कागदावर आलं की सगळं कसं बिनचूक.

२० जानेवारी, रविवार

नळ्या बसल्या. चारही जिथं एकत्र येतात त्या सांध्यात फट आहे, तिथून फुसफुसतं. आत्माराम म्हणाला, "बघ, म्हणून मी म्हणत होतो, साधं ठेवावं." याने कार्ब्युरेटर दोन वेळा उलटा बसवला तेव्हा मी काही बोलले नव्हते. आता वाटतं बोलायला हवं होतं.

पेंढारकर सर म्हणाले, "ज्याने केलं त्यालाच बोलव चाचणीच्या दिवशी, जागेवर झाळून देईल." बाला कागदावर लिहून दिलं. वाचून लगेच मान हलवली. बोलणं अजून बंदच आहे. म्हणजे मी बंद ठेवलंय, त्याला फरक पडलेला दिसत नाही.

२६ जानेवारी, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

सकाळी नऊला मिठागराच्या बांधावर जमलो. बा सायकलला झाळायचं सामान बांधून आला. आधी आत्मारामचे तुकडे लावून गाडी पळवली. आवाजाने बगळे उडाले, मिठागरावरच्या बायका काम टाकून बघायला लागल्या. सरांच्या घड्याळात एकवीस पूर्णांक आठ सेकंद.

मग माझ्या नळ्या. बाने सांधा झाळला. इंजिन चालू केल्यावर त्याने ओंजळीतून एकेका नळीवर पाणी शिंपडलं. तीन नळ्या चर्र करून उठल्या, तिसऱ्या नंबरची नुसती ओली झाली. त्याने तीन बोटं दाखवली. आत्मारामने बघितलं तर तिसऱ्या प्लगची तार सैल. ती घट्ट केली. आलोशियस निघाला. सुरुवातीला काही वेगळं वाटलं नाही, आणि मग निम्म्या बांधावर इंजिनाचा आवाजच बदलला, फाटका होता तो एकदम घट्ट झाला आणि गाडी पुढे गेली. वीस पूर्णांक पाच. सव्वा सेकंदाहून जास्त फरक! सरांनी घड्याळ मलाच दाखवलं. मी उडी मारली.

तिथं थांबायला हवं होतं. पण आत्मारामला पचलं नाही. म्हणाला, "वारा मागून होता. पुन्हा एकदा बघू." सरांनी परवानगी दिली. आलोशियस गाडी वळवायला लांबच्या टोकाला गेला आणि तिकडूनच आमच्याकडे निघाला. बा बांधाच्या मध्यावर, शर्यतीची खूण म्हणून ठेवलेल्या डब्याजवळ, पाठमोरा वाकून आपल्या खुंट्या आणि पकडी गोळा करत होता. आम्ही हाका मारल्या. मी, हिरामण, सर, सगळ्यांनी. एवढ्या मोठ्या आवाजाची गाडी त्याच्या पाठीवर येतेय आणि हा माणूस शांतपणे फडक्यात पकडी गुंडाळतोय. आलोशियसने चाक फिरवलं. गाडी बांधावरून उतरली, मिठाच्या कोंडीत गेली आणि कुशीवर पडली. माझ्या नळ्यांची बाजू खाली.

आलोशियसची हनुवटी फुटली, बाकी देवाची कृपा. बा अजून वाकलेलाच. चिखल अंगावर उडाला तेव्हा त्याने वळून बघितलं. आम्ही सगळे पळत होतो. त्याने विचारलं, "काय जालं?"

मी त्याच्यासमोर उभी राहून किंचाळले, "बहिरा झालास का?"

असं आपण कोणालाही म्हणतो. आई मला दिवसातून दोनदा म्हणते. पण या वेळी त्याने ते ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही, माझ्या ओठांवर बघितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, कोणाकोणाला कळलं ते शोधत असल्यासारखं. हिरामणने मान खाली घातली. मला तेव्हा कळलं. सगळ्यांच्या शेवटी, मला.

२७ जानेवारी, रविवार

आईला सगळं माहीत होतं. चार वर्षांपासून. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने मागच्या पावसाळ्यापासून नाही. होडीच्या इंजिनाला उघडी नळी, आणि त्याची बसायची जागा तिच्या शेजारी, हातभर अंतरावर. बावीस वर्षं. आई म्हणाली, "तांडेलाला कललं असतं तर त्याला होडीवर कोन घेईल?" म्हणून मलाही सांगितलं नाही. मी रागाच्या भरात कुठंतरी बोलून जाईन म्हणून.

आणि मी काय केलं? भर बांधावर, सगळ्यांसमोर. मला ओळखतात घरचे.

मी गेला दीड महिना या वहीत काय काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. पानं फाडावीशी वाटली. फाडणार नाही. राहू देत.

३० जानेवारी, बुधवार

हिरामण घरी बोलला, घरचे बंदरावर बोलले, आणि ऑगस्टीन तांडेलाने काल बाला निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नको.

मी बंदरावर गेले. तांडेल जाळं विणत बसला होता. मी म्हटलं, मामा, तुमच्याच इंजिनाने त्याचे कान खाल्ले. नळी लांब करून वर चढवा, पुढे आवाज दाबायचा डबा लावा, असं त्याने तुम्हाला किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं? आई सांगते, सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही, कारण आवाज मोठा हवा, किनाऱ्यावर बायकांना कळायला हवं कोणाची होडी आली.

तांडेल तापला नाही. मला वाटलं होतं तापेल, मग मला पण भांडता येईल. तो म्हणाला, "आग्नेस, रस्सी सुटली की आमी वरडतो. पाठीमागून वरडतो. त्याने नाय ऐकलं आनी पाय तुटला तर तू मना काय बोलशील?"  तो खरं बोलत होता आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला. मी म्हटलं, बावीस वर्षांत एक कापसाचा बोळा तरी दिलात का? आणि निघून आले. वाटेत हिरामण भेटला. काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी थांबले नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

बा चार दिवस ओट्यावर बसून आहे. कोणी रस्त्याने गेलं की आत जातो.

आज मी चेपलेल्या नळ्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि कागदावर लिहिलं : मला माफ कर. मागे एकदा मी तुला खूप वाईट बोलले होते. तुला ऐकू आलं नाही, पण मी बोलले होते.

त्याने वाचलं. त्याला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. मग म्हणाला, "नाताळाच्या आधी ना? मना कललं होतं."

मी विचारलं, कसं?

"तोंड दिसत होतं तुझं."

मी लिहिलं, मग जेवून घेतो असं का म्हणालास?

तो म्हणाला, "दुसरं काय बोलनार, बाय." त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाला. मी खूप रडले आणि रडताना सुद्धा मला त्याचा राग येत होता, की एवढं ऐकून घेऊन हा माणूस गप्प कसा राहिला, महिनाभर माझ्या नळ्या घासत कसा बसला.

मग त्याने चेपलेली नळी उचलली, डोळ्यासमोर धरून फिरवली आणि आईला म्हणाला, तवा दे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

वाळू या वेळी मी भाजली. दोन नळ्या मी वाकवल्या. पहिली चेपली, टाकून दिली. मनगटावर भाजलंय, फोड आलाय, पण दुसरी नीट आली. बाने दोन केल्या आणि माझ्या चेपलेल्या नळीच्या जागी आणखी एक केली. कोणती कोणाची ते कागदावर ठेवल्यावर ओळखू येतं. माझी दोराएवढी बाहेर जाते.

शेडमध्ये आत्माराम म्हणाला, वेळ नाही, माझे तुकडेच लावू. गाडी दुरुस्त करायला तिघं रात्रंदिवस राबलेत, हे खरं आहे. मी म्हटलं, घड्याळ काय म्हणालं होतं? तो म्हणाला, "एवढं सगळं झाल्यावर पण तुला तेच?" तेव्हा हिरामण, जो कधी बोलत नाही, पाना घेऊन उठला आणि म्हणाला, "तिच्याच बसनार. आन इकडे." त्याने स्वतः बसवल्या. मी त्याच्याशी अजून बोललेले नाही. धरायला दुसरं टोक मात्र मीच धरलं.

१० फेब्रुवारी, रविवार

निकाल आधी लिहून टाकते. नऊ गाड्यांत चौथा नंबर. दोन गाड्या बंद पडल्या, आमची नाही. सगळ्यांत जलद फेरीचा वेळ मात्र आमच्या आलोशियसचा, आठव्या फेरीत. नंतर एक परीक्षक धुराड्यापाशी वाकून बघत होता. त्याने विचारलं, हे कोणाचं काम? आत्माराम म्हणाला, "आमच्या टीमचं." मी म्हटलं, "माझं. आग्नेस. लिहून घ्या." त्याने लिहून घेतलं. आत्मारामचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण नंतर त्याने मला स्वतःहून फरसाण आणून दिलं. खाल्लं. भूक लागली होती.

बाला मी हट्टाने नेलं. आई नको म्हणत होती, लोक बघतील म्हणे. बघू देत.

आता सुरुवातीचं लिहिते. बारा वाजता नऊ गाड्या रांगेत लागल्या. आम्ही आमच्या गाडीच्या मागे उभे. झेंडेवाल्याने खूण केली आणि नऊच्या नऊ इंजिनं एकदम चालू झाली, बहुतेकांना उघडे तुकडेच. माझ्या छातीत थरथरलं. सर, हिरामण, आत्माराम, कठड्यापलीकडची पोरं, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मीही ठेवले.

बाने उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. आणि मग त्यानेही दोन्ही हात उचलून कानांवर ठेवले.

चार वर्षं तो असंच करत आलाय. माझ्या डोळ्यांसमोर. मला इतका राग आला, होडीचा, तांडेलाचा, माझा, आणि त्याचाही, की मी दोन पावलं गेले आणि सगळ्यांसमोर त्याचे हात धरून खाली ओढले. तो घाबरला. मान हलवायला लागला, नको, नको. मी सोडले नाहीत. त्याचा उजवा पंजा ओढत नेऊन गाडीच्या मागच्या पायपावर दाबून धरला, नळ्या जिथं सांगाड्याला बांधल्यात त्याच्या जरा वर, आणि माझा हात त्याच्यावर ठेवला.

 मग त्याने डोळे मिटले. त्याची बोटं एकेक करून सैल झाली, जशी इंजिनावर बसताना होत असतील.

"चारी चालतात," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने म्हणाला, की एवढ्या आवाजातही आलोशियसने वळून बघितलं.

झेंडा पडला आणि गाडी आमच्या हाताखालून निघून गेली.